सगळे निरोप सोनाळ्याला

क्लोजर म्हणजे काय, हे मी वीस वर्षं शिकवलं आणि त्यातली पहिली बारा वर्षं ते मला स्वतःला कळलेलं नव्हतं. आता क्लास बंद झाला आहे, त्यामुळे हे लिहायला हरकत नाही. तेव्हा कबूल केलं असतं तर प्रवेश घ्यायला कुणी जिना चढून वर आलं नसतं.

खामगावात सरकी-ढेपेच्या दुकानांच्या ओळीत, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. उन्हाळ्यात पत्रे तापायचे आणि हंगामात कापसाची पिंज उडून की-बोर्डात बसायची. मुलांच्या आधी मी रोज ब्रशने की-बोर्ड झाडायची. आईवडील मुलांना घेऊन यायचे आणि विचारायचे, "मॅडम, सहा महिन्यांत कॉम्प्युटर पुरा येईन ना?" मी हो म्हणायची. मला तरी कुठे पुरा येत होता?

वेब डिझाइनच्या कोर्समध्ये शेवटच्या महिन्यात जावास्क्रिप्ट असायची. तुम्ही एखाद्या पानावर बटण दाबता आणि काहीतरी घडतं, ते घडवणारी ही भाषा. या भाषेत कामाचा एक तुकडा वेगळा लिहून ठेवतात, त्याला फंक्शन म्हणतात. बटण दाबलं की ते फंक्शन चालतं. आणि जे फंक्शन दुसऱ्या फंक्शनच्या पोटात तयार होतं, ते आपल्या भोवतालच्या गोष्टी विसरत नाही. बाहेरचं काम संपून गेलं तरी त्या त्याला दिसत राहतात. याला क्लोजर म्हणतात. मी फळ्यावर लिहायची, "फंक्शन आपला भोवताल लक्षात ठेवतं," आणि मुलं ते वहीत उतरवून घ्यायची.

एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "लक्षात ठेवतं म्हणजे नेमकं काय लक्षात ठेवतं, मॅडम?" मी तिला सांगितलं की परीक्षेत एवढं खोल विचारत नाहीत. ती खाली बसली. त्या उत्तराची मला पुढे फार लाज वाटली, पण ते नंतर.

त्या वर्षांमध्ये आमच्याकडे कपाशीचं काही खरं राहिलं नव्हतं. बीटी बियाणं नवीन आलं तेव्हा बोंडअळीसाठी फवारायची गरजच पडायची नाही आणि लोकांनी ज्वारी-तूर मागे टाकून बांधापासून बांधापर्यंत कपाशी लावली. मग गुलाबी अळी आली. ती बोंडाच्या आत शिरते. बोंड बाहेरून हिरवंगार दिसतं आणि फोडलं की आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. अळी दिसत नाही, नुकसान दिसतं. घाबरलेली माणसं मग दुकानदार देईल ते औषध घ्यायची, एकानं भागलं नाही तर दोन एकत्र करायची. फवारताना तोंडाला फडकं बांधलं तर बांधलं.

अशा वेळी आमच्या गावातल्या एका लहान संस्थेनं शेतकऱ्यांसाठी फोनची सोय सुरू केली. शेतकऱ्यानं फोन करून अडचण सांगायची, त्याला सल्ला द्यायचा. सल्ला देणारे वानखडे साहेब कृषी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या खिशात कायम एक भिंग असायचं आणि बोलताना ते 'पाहू आपण' असं दर दोन वाक्यांनी म्हणायचे. फोन घ्यायला वंदना होती. ही माझीच जुनी विद्यार्थिनी, लग्नानंतर गावातच राहिलेली. माझं काम एवढंच की कॉम्प्युटरचं काही अडलं तर जायचं. पगार नव्हता, पण मला ते काम आवडायचं. क्लासमध्ये मी ज्या गोष्टी शिकवायची, त्या तिथे खऱ्या उपयोगाला यायच्या.

पद्धत अशी होती. वंदना फोनवर प्रश्न लिहून घ्यायची, वानखडे साहेब उत्तर सांगायचे, आणि वंदना ते मोबाईलवर मेसेज म्हणून पाठवायची. बोलण्यातला सल्ला लोक विसरतात, औषधाचं माप तर हमखास विसरतात, म्हणून लिहून पाठवायचं. नोंदवलेले शेतकरी एकशे त्रेचाळीस. वंदना प्रत्येक वेळी वहीतून नंबर शोधून कॉम्प्युटरवर दहा आकडे टाकायची. संध्याकाळपर्यंत तिचे डोळे दुखायला लागायचे.

मी तिला म्हटलं, थांब, तुझं काम सोपं करून देते.

दोन दिवस बसून मी एक पान तयार केलं. एकशे त्रेचाळीस नावं, अकारविल्हे. प्रत्येक नावासमोर एक चौकट, त्यात नाव आणि गाव आधीच लिहिलेलं. त्यापुढे सल्ला टाइप करायचा आणि शेजारचं 'पाठवा' हे बटण दाबायचं. नंबर शोधायची भानगडच नाही. यादी भरण्याआधी मी त्यात फक्त स्वतःचं एक नाव टाकून पाहिलं. बटण दाबलं, माझा फोन वाजला. वंदनानं टाळ्या वाजवल्या. वानखडे साहेबांनी भिंगातून पडद्याकडे पाहिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "वा, पाहू आपण."

मी एकच नाव टाकून पाहिलं होतं. दोन टाकली असती तरी मला सगळं कळलं असतं.

पुढचे नऊ दिवस काम झरझर चाललं. बटण दाबलं की पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'पाठवला' असं यायचं. कुणाची तक्रार नाही. उलट संग्रामपूरकडच्या एका शेतकऱ्यानं मुद्दाम फोन करून आभार मानले. तुमचा माणूस घरी येऊन सगळं नीट समजावून गेला, म्हणाला. वंदनानं मला ते हसत सांगितलं. आमचा कुठलाच माणूस कुणाच्या घरी जात नव्हता. कृषी सहायक गेला असेल, त्याचं श्रेय आपल्याला, असं म्हणून मीही हसले. तिथे मी थांबायला हवं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी हुसेनभाई आले.

हुसेनभाई संग्रामपूरकडच्या सोनाळ्याचे. तीन एकर कपाशी, आणि त्याच्या जोडीला पिढीजात पिंजाऱ्याचं काम, म्हणजे कापूस पिंजून गाद्या-उशा भरायचं. त्यासाठी ते मोपेडवर आसपासची सगळी गावं फिरायचे. वय साठीच्या आसपास, दाढी पांढरी, आणि अंगावरच्या शर्टाला कुठे ना कुठे कापसाचा तंतू चिकटलेला. दोन गाड्या बदलून ते खामगावला आले होते. पाणी प्यायल्यावर त्यांनी खिशातून बटणांचा लहान फोन काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, माह्या फोनात आता जागा नाही राह्यली," ते म्हणाले. "कालपासून निरोप येऊन नाही राह्यले. म्हून मीच आलो."

मला काही कळेना. कसले निरोप, मी विचारलं.

"तुमचेच. सगळ्यायचे."

त्यांनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढली. फोन भरेपर्यंत आमच्या ऑफिसातून गेलेला प्रत्येक मेसेज त्यांच्या फोनवर पोहोचला होता. एकशे त्रेचाळीस शेतकऱ्यांपैकी ज्याला ज्याला काही पाठवलं, ते सगळं हुसेनभाईंना. मेसेजच्या सुरुवातीला नाव आणि गाव असायचंच. त्यांनी पहिल्या दिवशी दोन-तीन वाचले, मग त्यांची समजूत झाली की संस्थेनं आपल्याला हे काम सोपवलं आहे. आपण गावोगाव फिरतो, सगळ्यांना ओळखतो, म्हणून निवडलं असेल. मग त्यांनी वही आणली. नातीला बसवून प्रत्येक निरोप उतरवून घेतला आणि गाद्यांच्या फेरीवर निघताना वही बरोबर ठेवायला लागले. ज्याचा निरोप त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवायचा. वाचता येणाऱ्याला वाचायला द्यायचा, माप दोनदा म्हणवून घ्यायचं. निरोप पोहोचला की वहीत खूण.

शेगावकडच्या लोकांसाठी त्यांनी एस.टी.च्या कंडक्टरजवळ चिठ्ठ्या दिल्या होत्या. खामगाव तालुक्यातल्या काही जणांच्या मुली सोनाळ्याला दिलेल्या होत्या, त्या मुलींच्या घरून फोन करवले होते.

"पन मेहकर-लोनारकडे माही पोच नाही, मॅडम," ते म्हणाले. "तिकडे दुसरा कोनी माणूस पाहा. हे सांगाले आलो."

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग खरं सांगितलं. तुम्हाला काम सोपवलं नव्हतं, माझ्या पानात चूक झाली, म्हणून सगळं तुमच्याकडे आलं.

हुसेनभाईंनी टेबलावरचा फोन उचलून खिशात ठेवला. "म्हंजे मले निवडलं नव्हतं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. आपण उगाच मोठेपणा घेतला, असं काहीतरी वाटून त्यांना संकोच झाला होता, आणि मला वाटलं, या माणसाला संकोच वाटावा असं मी काय करून ठेवलं आहे.

वानखडे साहेब तोवर वही चाळत होते. ते एका पानावर थांबले आणि त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. मेहकर-लोणारकडचे अकरा निरोप एका पानावर एकाखाली एक लिहिलेले होते. एकापुढेही खूण नव्हती. त्यातला चौथा असा होता: कमलबाई, सुलतानपूर. तुम्ही विचारलेली दोन औषधं एकत्र करू नका, धोका आहे. वारा पडेपर्यंत फवारणी थांबवा. हातमोजे घाला.

तो मेसेज आठ दिवसांपूर्वीचा होता.

वंदनानं लगेच फोन लावला. नंबर कमलबाईंच्या दिराचा होता. तो म्हणाला, वहिनी मेहकरला सरकारी दवाखान्यात आहे, पाच दिवस झाले. औषध बाधलं. आता बोलते, जेवते, दोन-तीन दिवसांत घरी सोडतील. फोन ठेवल्यावर वंदना उठून मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाकीच्या दहा जणांना वानखडे साहेबांनी स्वतः फोन केले. देवाच्या कृपेनं ती सगळी धड होती.

मी कॉम्प्युटरसमोर बसले. चूक कुठे आहे हे शोधायला मला तीन तास लागले आणि ती सापडली तेव्हा माझी बारा वर्षांची शिकवणी माझ्यापुढे उभी राहिली.

ते साध्या शब्दांत सांगते. पान उघडलं की कॉम्प्युटर यादीतून एकेक शेतकरी उचलायचा, त्याला 'ओळ' नावाच्या एका जागेत ठेवायचा, त्याचं बटण तयार करायचा, आणि पुढच्याकडे वळायचा. प्रत्येक बटणाला मी सांगून ठेवलं होतं की तुला दाबलं की 'ओळ'मध्ये जो माणूस असेल त्याच्या नंबरवर पाठव. माझी समजूत अशी की कमलबाईंचं बटण तयार होताना 'ओळ'मध्ये कमलबाई होत्या, म्हणजे ते बटण कमलबाईंनाच लक्षात ठेवणार. फंक्शन आपला भोवताल लक्षात ठेवतं, असं मीच फळ्यावर लिहीत आले होते.

पण ते लक्षात ठेवतं ती जागा. त्या जागेत त्या वेळी काय होतं, ते नाही. आणि जागा सगळ्यांना मिळून एकच होती. कमलबाईंचं बटण झाल्यावर त्याच जागेत पुढचं नाव आलं, मग त्याच्या पुढचं, असं करत शेवटी 'ह' आला आणि हुसेनभाई तिथे बसले. त्यांच्यानंतर कुणी नव्हतंच, म्हणून ते तिथेच राहिले. दिवसभरात वंदना कुठलंही बटण दाबो, ते बटण त्या एका जागेत डोकावून पाहायचं आणि त्याला हुसेनभाई दिसायचे. मजकूर तेवढा बरोबर जायचा, कारण तो मी बटणाच्या शेजारच्या चौकटीतून उचलत होते. एकच नाव टाकून तपासलं तेव्हा पहिलं आणि शेवटचं नाव एकच, मग चूक दिसणार कशी?

दुरुस्ती चार ओळींची होती. बटण तयार करण्याचं काम एका वेगळ्या फंक्शनमध्ये नेलं. ते फंक्शन दर माणसामागे नव्यानं चालतं आणि दर वेळी नवी जागा तयार होते. मग प्रत्येक बटणाला आपली स्वतःची जागा मिळते आणि त्यात एकच माणूस कायम राहतो. आता या भाषेत एक नवा शब्द आला आहे, तो वापरला की हे आपोआप होतं. नव्या मुलांना ही चूक करायला मुद्दाम प्रयत्न करावा लागेल.

त्या मुलीनं नेमकं हेच विचारलं होतं, लक्षात ठेवतं म्हणजे नेमकं काय. मी तिला खाली बसवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी सुलतानपूरला जायचं म्हणत होते. वानखडे साहेबांनी मला थांबवलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावलं की कमलबाईंना काही ठाऊक नाही. मेसेज पोहोचला असता तरी त्यांनी तो वाचला असता आणि ऐकला असता याची खात्री नाही. उद्या ही गोष्ट गावात पसरली तर संस्थेला कुणी फोन करणार नाही, आणि फोन नाही आला तर लोक पुन्हा दुकानदाराचंच ऐकतील. हे सगळं खरं होतं. मी गप्प राहिले आणि मला त्यात सुटल्यासारखंही वाटलं, हे लपवत नाही. असे पंधरा-वीस दिवस गेले. रोज क्लासला जाताना मी स्वतःला सांगायची की बाई बरी झाली, आता काय.

शेवटी वानखडे साहेबच एका दुपारी म्हणाले, "मॅडम, तुम्ही जाऊन या. मी झोपेत तोच मेसेज लिहून राह्यलो रोज." मी त्यांना बरोबर चला म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. माझ्याच्यानं होणार नाही, म्हणाले.

हुसेनभाईंचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी ते उठून निघाले तेव्हा वानखडे साहेबांनी त्यांना दारात गाठलं आणि विचारलं की जे काम चुकून केलं, ते आता सांगून-सवरून कराल का. हुसेनभाईंनी लगेच हो म्हटलं नाही. घरी विचारून सांगतो, म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. पुढे चार हंगाम त्यांनी संग्रामपूरकडची गावं सांभाळली. संस्था बंद पडली त्यानंतरही लोक त्यांना अळी दाखवायला बोंडं आणून द्यायचे, असं ऐकलं होतं. आता ते नाहीत.

तर सुलतानपूर. खामगावहून मेहकर आणि मेहकरहून पुढे, असं मी सकाळी निघाले ती दुपारी पोहोचले. कमलबाईंचं घर शाळेच्या मागे होतं. त्या पस्तिशीच्या आत-बाहेरच्या असतील. नवरा पुण्याकडे कंपनीत कामाला, शेती त्या आणि दीर सुदाम मिळून करत. मी गेले तेव्हा त्या ओसरीत तूर निवडत बसल्या होत्या. ताट डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं होतं. दवाखान्यातून आल्यापासून अंधुक दिसतं, म्हणाल्या, पण डॉक्टर म्हणतात जाईल.

मी कुठून आले हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा बंद झाला. त्यांनी पाणी दिलं, बसायला सतरंजी टाकली. सुदाम दारातच उभा राहिला. तो म्हणाला, काही फॉर्म-बिर्म भरायचा असेल तर माझ्याकडं द्या.

मी म्हटलं, फॉर्म नाही. मी माझी चूक सांगायला आले आहे.

मग सांगितलं. त्यांनी फोन केला त्याच दिवशी उत्तर लिहिलं गेलं, पाठवलं गेलं, आणि माझ्या चुकीमुळे ते सोनाळ्याच्या एका माणसाकडे गेलं. सांगताना मी एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही. ताटातल्या तुरीकडे पाहून बोलत होते.

बोलून झालं तेव्हा कमलबाईंनी ताट खाली ठेवलं. नंतर म्हणाल्या, "म्हंजी तुमी पाठिवलं व्हतं."

"हो."

"दोन दिस वाट पाह्यली मी," त्या म्हणाल्या. "भाऊजी म्हनत व्हते, बाईमाणसाच्या फोनला कोन उत्तर देतंय. मी म्हनलं, देतील, त्या बाईनं नाव लिहून घेतलंय. फोन भाऊजीकडंच असायचा, तरी रोज इचारायची, काही आलं का. तिसऱ्या दिवशी मला बी वाटलं, यांचंच खरं."

तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही औषधं एका बादलीत ओतली आणि काठी सापडेना म्हणून हातानं ढवळली. सुदाम पंप घेऊन पुढे गेला. दुपारी शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या बाभळीखाली त्यांना उलट्या सुरू झाल्या. सुदामलाही गरगरलं, पण त्यानं वहिनीला मोटारसायकलवर मधे बसवून, मागे शेजाऱ्याला धरायला लावून, मेहकरपर्यंत नेलं. हे सांगताना त्यांनी दिराकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

मला वाटलं होतं त्या रागावतील, आणि त्याची तयारी करून मी आले होते. त्यांनी वेगळंच विचारलं. माझा मेसेज त्या माणसाकडे गेला कसा? नंबर तर भाऊजींचा लिहिला होता ना? यंत्राला कळलं नाही का?

मी म्हटलं, हे जरा किचकट आहे.

"सांगा की. मला आता कुठं जायचंय."

मग मी त्यांना सांगायला लागले. बटण, यादी, जागा. वर्गात शिकवताना वापरायची ते शब्द इथे चालेनात, म्हणून ओसरीतल्या वस्तू वापरल्या. ताट म्हणजे ती एक जागा. त्यात मी एक तुरीचा दाणा ठेवला, म्हटलं, या तुम्ही. मग तो उचलून दुसरा ठेवला, मग तिसरा. प्रत्येक बटणाला सांगितलंय की ताटात असेल त्याला निरोप दे. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"जागा एकच व्हती," त्या म्हणाल्या. "माणसं बदलत गेली. शेवटी जो बसला, त्योच राह्यला."

मी हो म्हटलं.

"मग दर माणसाला येगळं ताट द्यायचं व्हतं."

"तेच केलं आता."

बारा वर्षांत आणि त्यानंतरच्या आठ वर्षांत माझ्या वर्गात कुणी हे इतक्या थोडक्यात सांगितलं नाही, मीही नाही. मला आजवर हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं, असं मी त्यांना म्हटलं. त्यांना ते फारसं विशेष वाटलं नाही. त्या म्हणाल्या, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायांना वाणं द्यायची तर एकाच ताटातून कशी देणार, प्रत्येकीचं वेगळं लागतंच.

सुदाम आत गेला आणि चहा घेऊन आला. त्यानंच केला होता. कप माझ्यापुढे ठेवताना तो म्हणाला की तो मेसेज माझ्या फोनवर आला असता तर मी वहिनीला दाखवला असता. मी म्हटलं, मला माहीत आहे. तो बसला मग, दारात नाही, सतरंजीवर.

निघायच्या आधी कमलबाईंनी विचारलं, आता नंबर बदलता येईल का. दवाखान्यातून आल्यावर त्यांच्या भावानं त्यांना स्वतःचा फोन घेऊन दिला होता. मी तिथूनच वंदनाला फोन लावला आणि नवा नंबर सांगितला. शिवाय म्हटलं, लगेच एक मेसेज पाठवून पाहा, मी इथेच बसले आहे. एका नावावर तपासून आता मी थांबत नव्हते, त्यामुळे वंदनानं आधी दुसऱ्या दोघांना पाठवून, त्यांना विचारून, मग कमलबाईंचं बटण दाबलं. त्यात पाच-सहा मिनिटं गेली. आम्ही तिघंही सतरंजीवर ठेवलेल्या त्या फोनकडे पाहत बसलो होतो. 

फोन वाजला. सुदामनं हात पुढे केला आणि मागे घेतला. कमलबाईंनी फोन उचलून डोळ्यांजवळ नेला, मग जरा लांब धरला, आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

"कमलबाई, सुलतानपूर. मॅडम पोचल्या का?"

त्या हसल्या. मी पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहत होते. याला उत्तर कसं पाठवायचं, त्यांनी मला विचारलं. मला सांगावं लागलं की उत्तर पाठवायची सोय या पानात नाही, मेसेज फक्त आमच्याकडून जातात.

"मग मी फोनच करते," त्या म्हणाल्या.

संस्थेचा नंबर त्यांना पाठ होता. पहिल्या वेळी लाईन लागली नाही, दुसऱ्या वेळी लागली.

"हॅलो. सुलतानपूरहून कमल बोलते," त्या म्हणाल्या. "हो, पोचल्या. माझ्यासमोरच बसल्यात. चहा पिऊन ऱ्हायल्यात."